पिवळी काच

प्रेस्टनमध्ये डिसेंबरात पावणेचारला दिवे लागतात.
रात्रपाळी संपवून झोपले, उठले,
की दिवस उरकलेला असतो.
म्हणून मला लेन्स हवी होती
मोठ्या डोळ्याची, अंधारात चालणारी.

मार्केटच्या मागच्या गल्लीत एन्टविसलचं दुकान.
आत मशीनच्या तेलाचा वास,
हीटरवर वाळत घातलेले हातमोजे.
त्यानं काउंटरवर हिरवं फडकं अंथरलं
आणि पाच कॅमेरे मांडले,
स्थळं दाखवावीत तसे.

निकॉन: खानदानी, करड्या आवाजाचा,
किंमत ऐकून आधी पाणी मागावं असा.
ऑलिंपस ओंजळीत मावेल एवढा,
पण आतला फोम विरघळून डांबर झालेला.
कॅनन बॅटरीवाचून जागचा हलेना.
मी एकेक कानाशी नेला,
मडकं वाजवून घ्यावं तसं शटर वाजवून पाहिलं.
चौथ्याचा पडदा रेंगाळला.
एक्स-रेच्या टेबलावरचे म्हातारे असेच रेंगाळतात,
श्वास घ्या, धरा, सोडा,
मी पाळीत साठदा म्हणते,
आणि ते धरतात तेव्हा मी सोडा म्हणत असते.

पाचवा पेंटॅक्स.
तळाला सुईनं कोरलेला पोस्टकोड,
चोरीला गेला तर घरी परत यावा म्हणून.
या ओरखड्याचे एन्टविसलनं वीस पौंड कमी केले.
चोरीला गेलाच नाही तो. विकला गेला.
विकलेल्याला पत्ता ठाऊक असून काय उपयोग.

"लेन्स दोन आहेत," तो म्हणाला.
"ही १.८. काच स्वच्छ. शहाण्यानं हीच न्यावी.
आणि ही १.४."
खिडकीकडे धरली तर
आतून कोऱ्या चहाच्या रंगाची.
"काचेत थोरियम आहे," त्याचा आवाज खाली आला,
घरातल्या कुणाचं व्यसन सांगताना येतो तसा.
"वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली,
की आपल्याच किरणांनी पिवळी पडते."
मी कोट बाजूला करून बिल्ला दाखवला,
माझ्या वाट्याचे किरण मोजणारा,
घरी आणायचा नसतो, तरी विसरून आलेला.
एन्टविसल पहिल्यांदाच हसला.
एक दात सोन्याचा.

"जातो का हा पिवळेपणा?"
"जातो की. महिनाभर ऊन द्यायचं."
आणि आम्ही दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं.

आमच्या कराडला डाळींना ऊन दाखवत,
गाद्यांना, मुरंब्याच्या बरणीला.
ऊन दाखवायचं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.
फक्त आधी ऊन कुणी दाखवावं लागतं, हे नव्हतं.

मी पिवळीच घेतली.
खाली ॲल्युमिनियमचा कागद, वर लेन्स,
आणि खिडकीत एक वही:
सोमवार, चाळीस मिनिटं.
मंगळवार, नाही.
बुधवार, नाही.
गुरुवार, सव्वा तास, पण मी झोपले होते,
म्हणजे शेजारच्या मिसेस ॲशवर्थनं सांगितलेला सव्वा तास.
शुक्रवार, गारा.

फेब्रुवारी उजाडला तरी काच पुरती निवळली नव्हती.
आता कोरा चहा नव्हता, बिनदुधाचा पहिला, पातळ घाणा म्हणा,
कुणी गडबडीत गाळलेला.
मी थांबले नाही.

पहाटे चार दहाला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये
एकच दिवा, त्याखाली डोरीन चमचे पुसत होती.
छिद्र पूर्ण उघडलं. सेकंदाचा पंधरावा भाग.
मापकाचा काटा जेमतेम उचलला,
झोपेतून कुणी हाकेला हूं म्हणावं तेवढा.
एवढ्या उघड्या डोळ्याला सगळं एकदम दिसत नाही,
एक काहीतरी निवडावं लागतं.
मी चमचा निवडला.
डोरीनचा चेहरा धुक्यात जाऊ दिला.
कोपर टेबलावर टेकवलं
आणि या वेळी श्वास मी धरला.

सोडा, असं सांगायला
समोर कुणी नव्हतं.