वाजते आहे तोवर

आत्या तंबूची जागा आधी ठरवायची नाही.
आधी बर्फावरच्या सुरकुत्या बघायची,
वारा काल कुठून आला, आज कुठून येईल.
दरीच्या तळाशी नको म्हणायची,
थंडी पाण्यासारखी उतरते,
तिथं तिचं तळं साचतं.
मग आम्ही दोघी बर्फ तुडवायचो,
तीन काठ्या एकमेकींच्या खांद्यावर टेकवून
लाव्वू उभा करायचो,
आणि जमिनीवर बर्चच्या डहाळ्या,
प्रत्येकीचा देठ दुसरीच्या शेंड्याखाली.
देठ उघडा राहिला
तर रात्रभर पाठीशी बोलत बसतो.

फिन्मार्कच्या पठारावर डिसेंबर.
सूर्य गावाला गेलेला.
दीडशे रेनडिअर, चाप्पे नावाचा कुत्रा,
राव्ना आत्या, आणि मी, सुन्ना, वय चौदा,
बुटांत मोज्यांऐवजी वाळलं गवत.

ती शिकवायची नाही, कटकट करायची.
घाम फुटायच्या आत एक थर उतरव,
दिवसाचा घाम रात्री परत येतो, बर्फ होऊन.
श्वास पांघरुणाबाहेर सोड.
धुराचं तोंड मिटू नकोस, कितीही बोचलं तरी.
चरबी खा. नाक मुरडू नकोस, खा.
झोपायच्या आधी बाहेर जाऊन ये,
नाहीतर पहाटेपर्यंत
जाऊ की नको करत पडशील.

आणि दर थोड्या वेळानं, अंधारातून:
सुन्ना, थंडी वाजतेय का?
वाजतेय, आत्या.
मग ठीक आहे.

मला राग यायचा.
एकदा म्हटलं, नाही वाजत जा.
ती उठून बसली. माझा हात चाचपला,
बोटं एकेक करून मोडून पाहिली,
माझं नाव विचारलं, कुत्र्याचं नाव विचारलं.
मग शांतपणे म्हणाली,
वाजते आहे तोवर अंग भांडतंय.
वाजायची थांबली, की घाबर.

त्या ओढ्यावर बर्फाखाली पाणी होतं.
चाप्पे थांबला.
आत्या थांबली नाही, कळप वर सरकत होता,
मांडीपर्यंत आत गेली आणि शिवी देत बाहेर आली.
काही नाही, म्हणाली. आधी जनावरं.

तंबू उभा राहीपर्यंत ती कुडकुडत होती,
दात वाजत होते, मला बरं वाटत होतं.
मग बुटाची गाठ तिला सुटेना.
तिनं गाठीकडे पाहिलं,
जशी ती दुसऱ्या कुणाची असावी.
आणि हसली.
आता नाही गं वाजत, म्हणाली,
आता छान वाटतंय.

मी काही विचार केला नाही.
गाठ सुरीनं कापली.
ओलं सगळं ओढून काढलं,
आत्याला त्याआधी तसं कधी पाहिलं नव्हतं,
पाय मेणासारखे, ते मी चोळले नाहीत,
चोळायचे नसतात, कटकटीत होतं ते कुठंतरी.
दोन कातडी खाली, दोन वर,
मध्ये ती, तिला चिकटून मी,
पाठीमागून चाप्पेला ओढून घेतला.
गिळता येतंय एवढं पाहून
कोमट पाणी, त्यात साखर, घोट घोट.
एक हात बाहेर काढून चुलीत लाकूड.
वर धुराचं तोंड उघडंच,
त्यातून एक चांदणी, नुसतीच.

राव्ना आत्या, तुझं नाव काय?
उत्तर नाही.
कुत्र्याचं नाव काय?
उत्तर नाही.
किती वेळ गेला माहीत नाही,
लाकडं मोजली असती तर सांगता आलं असतं.

मग माझ्या छातीशी काहीतरी थरथरलं.
आधी वाटलं चाप्पे.
मग तिचे दात,
एकदा, थांबून पुन्हा,
मग सगळं अंग, खडखडाट नुसता,
डहाळ्यांसकट तंबू हलेल असा.
वाजतेय, ती कशीबशी म्हणाली, वाजतेय गं.
मी रडले. श्वास पांघरुणाबाहेर सोडून रडले.

सकाळ म्हणजे थोडा निळा अंधार.
ती कुशीवर वळली, पाठीखाली हात घातला,
एक डहाळी ओढून माझ्यासमोर धरली.
देठ, म्हणाली.
रात्रभर बोलत होता.