चवड

सांतियागोच्या या तळघरात
बावीस वर्षं मी रेणूंची वजनं करतो.
आल्दारा कुपी ठेवते, म्हणते, "बघा बरं."
यंत्र आकडा देतं.
दुप्पट.

पुन्हा दुप्पट.
आठ मणी होते तिच्या माळेत,
एक डावा, एक उजवा, एक डावा.
लेकरांत डावं-उजवं करू नये म्हणतात;
इथे नाही केलं तर कडं सपाट बसत नाही.
रेझिनच्या कणावर एक मणी चढवायचा,
त्याची टोपी काढायची, धुवायचं, पुढचा चढवायचा.
पिपेरिडिनचा वास केसांत घेऊन ती बसने घरी जाते
आणि शेजारची सीट रिकामी राहते.

माळ जमते. अडतं गाठीशी.
टोकाने धरायचं आपलंच टोक,
ते गर्दीत पडतं शेजारच्या माळेच्या गळ्यात.
म्हणून दुप्पट.
"पातळ कर," मी म्हणालो, "अजून पातळ."
लिटरभर द्रावकात चिमूटभर,
इतकं एकाकी
की स्वतःखेरीज कुणी सापडूच नये.

मार्चमध्ये आकडा आला, माळेपेक्षा अठराने कमी.
गाठ बसली की पाण्याचा एक रेणू निघून जातो,
तेवढाच.

मग रचणं.
आम्ल ओतलं की दह्यासारखा गोळा.
तीनदा. चौथ्या वेळी ती काही न ओतता,
झाकण सैल ठेवून
कामारिन्यासला आईकडे गेली, नाताळानंतर पहिल्यांदा.
ओबदुलिया लेस विणते, काड्या खुळखुळतात.
"तुझ्या त्या नळ्या दिसतात तरी का?"
"नाही."
"मग घेणार कोण?"

चार दिवस शेजारच्या बाटलीतली आम्लाची वाफ
सावकाश कुपीत उतरत होती.
सोमवारी तळाशी सुया. बारीक, लख्ख.
म्हणजे कड्यावर कडं, चुंबळीवर चुंबळ,
कुणी हात न लावता.
आतली पोकळी मात्र एक्स-रेच सांगेल,
जूनमध्ये, नंबर लागला तर.

धापा टाकत ती खाली आली. "बघा बरं."
काय बघू?
माझ्या यंत्रात शिरताना चवड मोडते,
कडी सुटी होतात,
आकडा मार्चचाच येणार.

तिने कुपी मागे घेतली.
ट्यूबलाइट एक बंद होती, दुसरीखाली धरली.
मी चष्मा शोधत होतो.
तो कपाळावरच होता.