नुक्ते

धाराशिवला तहसिलीच्या मागच्या भिंतीशी माझं टेबल.
निजामाच्या वेळचे कागद येतात,
घडीवर फाटलेले, पिशवीत पिशवी घालून आणलेले.
मी उर्दू वाचतो, मराठीत उतरवतो, खाली सही करतो.
पानाला शंभर रुपये.
आणि अर्धा चहा, तो नाही म्हणता येत नाही.

त्या काळचे कारकून फार घाईचे.
अक्षर काढायचे, टिंबं द्यायचेच नाहीत.
बे, पे, ते : तिघांची होडी एकच.
खाली एक, खाली तीन, का वर दोन
हे वाचणाऱ्यानं पोटातून आणायचं.

मंगळवारी सरकारी दवाखान्यात डॉक्टर ऋजुता लोमटे
माझी नळी प्रकाशात धरून म्हणाल्या,
चाचा, क्रिएटिनिन अजून चांगलं आहे.
अजून. हा शब्द मला नीट वाचता येतो.
वहीदभाईंना पण अजूनच होतं,
आता सोमवार, बुधवार, शनिवार
पहाटे पाच चाळीसची लातूर गाडी,
चार तास मशीन, आणि संध्याकाळी मोजून पाणी,
स्टीलच्या त्याच वाटीनं.

मग त्यांनी समजावलं.
अक्षरं आईबापाकडून आली, ती तशीच राहतात.
पण त्यांच्यावर बारीक खुणा बसतात,
साखरेच्या, वयाच्या, तंबाखूच्या,
आणि कुठली ओळ वाचायची, कुठली गाळायची
ते त्या खुणांवर ठरतं.

मी म्हणलं, नुक्ते.

त्यांचा पेन थांबला.
त्यांच्याच फॉर्मच्या मागं मी बे काढून दाखवला,
टिंब उचलून वर नेलं.
एका बापाची दोन पोरं, म्हणलं,
लिखाण एक, वहीदभाईंचं वाचन निराळं झालं.
तसं असेलच असं नाही, त्या म्हणाल्या,
पण फॉर्म त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला.

अकरा वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या शाळेत शिबिर होतं.
बिस्किटाच्या पुड्यावर मी रक्त देऊन आलेलो.
ते रक्त म्हणे अजून आहे, बर्फाहून गार कपाटात,
त्यातल्या खुणा आणि आमच्या आजच्या किडन्या
ह्या पोरी ताडून बघतायत.
जमलं तर दहा वर्षं आधी सांगता येईल
कुणाची चाळणी फाटणार.

आणि आता गोळ्या वेळेवर घेतो त्याचं काय?
त्याचा उपयोग आहेच, चाचा.
पण सुरुवातीची साखर शरीर सहजी विसरत नाही.

सुरुवातीची.
म्हणजे दोन हजार सात ते अकरा.
गोळ्या उशीखाली, पक्षकार रांगेत,
दिवसाला चौदा अर्धे कप.
कुणाचा बांध सरकलेला, कुणाची सही खोटी,
प्रत्येकाच्या कटकटीला एक नुक्ता
माझ्या आत कुठंतरी, शाई वाळलेली.

एक गोष्ट त्यांना सांगितली, बायकोलाही नाही सांगितलेली.
तेरच्या दोन चुलतभावांचा कागद होता.
चे वाचला तर चाह, म्हणजे विहीर.
जीम वाचला तर जा, म्हणजे नुसती जागा.
वाळवीनं टिंबं खाल्लेली.
मी जीम वाचला.
तीन वर्षांनी दुसरी प्रत सापडली, ठळक तीन टिंबांची.
तोवर ज्याची विहीर गेली तो
पुण्याला कुठल्या तरी गेटवर वॉचमन झालेला.

म्हणून विचारतो, म्हणलं,
तुमचं यंत्र सही कुठं करतं?

बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, आम्ही शंभरातले किती, एवढंच सांगू शकतो.
त्या किती जणांत तुम्ही आहात का, ते नाही.
आणि तुमचा निकाल तुम्हाला द्यायचा की नाही
हे कमिटीनं अजून ठरवलेलं नाही.

घ्या मग, म्हणत मी डावी बाही वर केली.
वाचा. फक्त पेन्सिलीनं लिहा.

टेबलाशी परतलो तर मसल्याचा एक पोरगा बसलेला,
आजोबांचा कागद मांडीवर.
चहावाल्या संतूला ओरडून सांगितलं, बिनसाखरेचा.
त्यानं सवयीनं नेहमीचाच आणला.
पोरगा म्हणाला, घ्या ना चाचा, निवतोय.

मी चष्मा पुसला.
कागद उन्हात धरला.