चोकची वायर

सावद्याच्या पुढे, फैजपूर रस्त्याला,
केळीच्या ट्रकांची जिथे रांग लागते
तिथे सुभान तडवीचं गॅरेज :
चार पत्रे, एक निंब
आणि निंबाला टांगलेली साखळी, इंजिन उचलायची.

माझी पद्मिनी एकोणनव्वदची.
तिच्यातून मी सत्तावीस वर्षं गुरं तपासत हिंडलो,
न्हावी, हिंगोणा, डोंगरकठोरा,
मागच्या सीटवर सलाइनच्या बाटल्या,
डिकीत वासरू ओढायची दोरी.
आता सेल्फ मारला की ती फक्त टक् म्हणते.
एकदाच. दाढेखाली सुपारी फुटावी तसं.

भुसावळला दोन महिन्यांत सगळं बदललं :
बॅटरी नवी, सेल्फ भरून आणला,
कॉइल, कटआउट, चारही प्लग.
बिलं चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवली.
टक्.

सुभाननं बॉनेट उघडलंच नाही.
म्हणाला, "डॉक्टर, आधी इचारू द्या.
ब्रेक दाबला की इंडिकेटर मिचकतो?"
मिचकतो.
"वायपर लावला की टेंपरेचरचा काटा चढतो?"
चढतो. तुला कसं कळलं?
त्यानं बिडी कानावर खोचली, बोलला नाही.

ती गप्प बसायची रीत माझ्या ओळखीची.
मीही असाच विचारायचो,
रवंथ करते का, शेण कसं, पाणी पिताना मान कुठे वळते,
आणि मालक म्हणायचा,
अहो, सुई टोचा ना आधी.

"मारा सेल्फ."
टक्.
"अजून. दाबून धरा."
त्यानं खिडकीतून हात घालून चोकची घुंडी धरली
आणि झटकन सोडली,
तव्याला बोट लागल्यासारखी.
हसला तेव्हा पहिल्यांदा.
"चोक तापला."

चोकचा आणि सेल्फचा काय संबंध?

तो निंबाखाली उकिडवा बसला,
काडीनं मातीत गोल ओढला, पण मिटवला नाही.
"करंट गेला की त्याले घरी परत येनं लागते.
त्याची वाट तुटली,
मंग भेटीन त्या वाटेनं येतो.
चोकच्या तारेतून. एक्सलेटरच्या तारेतून.
एवढा मोठा गडी, एवढ्याशा बोळातून.
बोळ तापनारच.
गाडीले अर्थ लागत नई, डॉक्टर."

अर्थिंगला सगळे मिस्त्री अर्थच म्हणतात,
हे मला ठाऊक होतं.
तरी मी त्या वाक्यापाशी जरा थांबलो.

चितोड्याच्या लोटू चौधरीची म्हैस
मी अशीच पाच दिवस सलाइनवर ठेवली होती.
तापाचं दिलं, पोटाचं दिलं,
कावीळ समजून तेही दिलं.
उतार आला की ती पाय टाकत नाही,
त्याची सून दाराआडून सांगत होती.
दोनदा सांगितलं तिनं.
फाडली तेव्हा काळजाशी बोटभर तार.

गाडीखालून सुभानच्या फक्त टाचा दिसत होत्या.
बाहेर आला तो हातात एक पट्टी घेऊन,
विणलेल्या तांब्याची, वीतभर,
हिरवी पडलेली,
दोन धाग्यांवर जीव धरून.
ही कुणी पाहिलीच नव्हती.
बिलात नव्हती ना.

बोल्ट खरवडला, पॉलिश पेपर मारला,
ट्रकच्या जुन्या केबलचा तुकडा बसवला.
"मारा."

केळी भरणारे हमाल वळून बघायला लागले.

"किती झाले?"
"ऐंशी. केबलचे.
इचारायचे घेत नई मी."

पेट्रोलचा काटा अजून अर्ध्यावरच आहे,
टाकी भरलेली असो की कोरडी.
ते राहिलं, मी म्हटलं.
"राहू द्या," तो हात पुसत म्हणाला,
"पुढच्या खेपेले."

चितोड्याचा फाटा आला तशी मी गाडी हळू केली.
का ते सांगता येणार नाही.
पुढे होऊन चोकला हात लावला.

गार होता.