शिंकेच्या आधी

धर्माबादला मिरचीचा मोसम म्हणजे
नाकाला रुमाल, डोळ्याला पदर,
अन् कांडपाच्या मशीनवर मी, मुद्रिका.
शिंका इथं कुणी मोजत नाही.
मी मोजायची.
एका शिंकेला एक थेंब,
कधी थेंब, कधी ओघळ.

धाकट्याच्या बाळंतपणापासूनचं हे. तो आता बारावीला.
सतरा वर्षं मी गडद साड्या नेसले.
बाया म्हणायच्या, हिला जांभळा लै आवडतो.
सासऱ्याच्या धोतराच्या घड्या
रात्री मोरीत धुवायच्या, अंधारात वाळवायच्या,
चोरीच्या मालासारख्या.

पाणी तोडलं.
जिथं वैशाखात कुत्रंसुद्धा
रांजणाखालची ओल सोडत नाही,
तिथं मी दिवसाला दोन पेले.
मग लघवीला आग सुटली, लवंगी मिरचीची.
तेव्हा कुठं नांदेडची गाडी धरली,
संडासाच्या दाराशी उभी राहून.

डॉक्टरीण तरणी, नुजहत नाव.
मी म्हणलं, "जरा कमजोरी हाय."
ती म्हणाली, "कुठं?"
एवढं सरळ कुणी विचारलंच नव्हतं.
खिडकीत एक कबुतर होतं,
त्या कबुतराला सगळं सांगितलं.

तिनं तपासलं, मला खोकायला लावलं.
मी ओली झाले
अन् जन्मात पहिल्यांदा कुणी म्हणलं, "बरोबर."

आगीवर पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.
मग कागदावर पिशवी काढली, पिशवीखाली झोळी.
"ही झोळी सैल झालीय."
मला मशीनचा पट्टा दिसला.
"पट्टा ताणता येतो का, बाई?"
"येतो. आधी हातानं. नाहीच जमलं तर पाना."

मी म्हणलं, थेंबावर गोळी द्या की.
गोळी घाईवाल्यांची, म्हणाली,
नळाचा आवाज आला की पळावं लागतं, त्यांची.
तुमचा रोग घाईचा नाही, जोराचा.
एक रिंग असते, लहान पोरीच्या बांगडीएवढी,
आत बसवायची, काढून धुवायची.
ऑपरेशन असतं, नळीखाली पट्टीचा झोका.
त्याचं बरं-वाईट दोन्ही सांगेन, पण आज नाही.
आज फक्त आत ओढा.
पोट नको, मांड्या नको, श्वास कोंडायचा नाही.
दहा मोजा. सोडा.
"सोडणंही शिका," म्हणाली.

हिशेबाच्या वहीत मधोमध रेघ मारली.
डावीकडं: राठोडाची मिरची साडेतीन किलो, धने पाव.
उजवीकडं: पहाटे पाच, एक मग.
पाणी सहा पेले. चहा तीन, खोडून दोन.
सव्वाअकरा, शिंक, थेंब.
नवऱ्यानं वही चाळली, म्हणला,
"हे थेंब कुणाकडं उधार?"
म्हणलं, "माझ्याकडं."

रेशनच्या रांगेत ओढते, सोडते.
पुतणीच्या साखरपुड्यात आहेर घेताना,
ओटीत नारळ, ओठावर हसू, आत मोजणी:
सात, आठ.
कुणाला काही पत्ता नाही.

पहिला महिना कोरडा गेला, म्हणजे ओलाच.
दुसऱ्यात कागद फाडायला काढला होता.
फोनवर ती म्हणाली,
"शिंकेबरोबर नाही. शिंकेच्या आधी आवळा."

आता शिंक मला कुणी शिकवावी!
वीस वर्षं मिरचीत गेली.
नाकाच्या मुळाशी ती मुंगीवानी चढते,
डोळा बारीक होतो, जीभ टाळूला लागते,
एवढी उसंत बास.
आवळलं.
शिंकले.
भिंतीवरचं कॅलेंडर हललं,
खाली काही नाही.

रोज असंच होतं असं नाही.
काल तेवीस शिंका, चार थेंब.
रिंगचा कागद पाकिटात घडी करून ठेवलाय,
साडी अजून जांभळीच आहे.

आज लिंगम्मा आली, पलीकडल्या तेलंगणातून,
पाच किलो घेऊन.
शिंकली, अन् पायाला पाय लावून
मशीनच्या कडेला गच्च धरून उभी राहिली.
ते उभं राहणं मी ओळखते.
मी बटण बंद केलं.
"बस गं," म्हणलं, "आधी पाणी पी."
ती पेल्याकडं बघत राहिली.