अकरा मिनिटांची मालकी

अ‍ॅटरक्लिफ रोडवर ती भट्टी
अकरा मिनिटं माझी होती.
म्हणजे फंडाची. पण पावतीवर सही माझी,
शकील तुंगेकर, जोखीम विभाग.
विभाग म्हणजे मी आणि एक किटली.

आम्ही पैसे देत नाही.
पैसा पैशाला व्यायचा नाही, हा आमचा नियम.
आधी वस्तू आपली व्हायला हवी,
तिचं पडणं, फुटणं, चोरीला जाणं आपलं व्हायला हवं,
मगच ती विकून चार पैसे सुटले तर सुटले.

म्हणून बंद पडलेल्या बेकरीच्या दारात
शेफील्डच्या त्या किरकिऱ्या पावसात उभा राहिलो,
बाजारात घेतलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा
तसा भट्टीवर हात ठेवून.
इल्हाम मुकबिल पलीकडच्या फुटपाथवर होती.
तिनं भट्टीला बोट लावलं नाही,
अजून तिची नव्हती ना.

मग व्हॅनच्या बॉनेटवर कागद.
चौदाशेला घेतली, पंधराशे साठला दिली,
पासष्टचे चोवीस हप्ते.
तिच्या नावापुढे पतीचा आकडाच नव्हता.
तीन वर्षांत तिनं या देशात कुणाचं काही बुडवलं नव्हतं,
कारण कुणी काही दिलंच नव्हतं.
संगणकाला हे कळत नाही.
तो रिकाम्या जागेला धोका म्हणतो.

सहा हप्ते घड्याळासारखे आले.
सातवा आला नाही.
भट्टी वीज खाते, आणि विजेला आमचे नियम लागू नाहीत.

उशिराचा दंड पाच पौंड.
तो आम्हाला पचत नाही,
दानात टाकावा लागतो.
महिन्याचे सगळे दंड गोळा करून मी
पिट्समूरच्या चर्चमागच्या हॉलमध्ये नेऊन देतो,
तिथं मंगळवारी गरजूंना शिधा वाटतात.

रांगेत सातवी की आठवी, इल्हाम.

मी डब्यांच्या फळीकडे बघू लागलो.
ती माझ्याकडेच बघत होती.
पिशवीत छोले, चहा, टोमॅटोचे दोन डबे.
म्हणाली, "माझे पाच पौंड यातच असतील ना?"
मी काय सांगणार?
"छोले बरे आहेत," तीच म्हणाली,
"मागच्या वेळचे फार खारट होते."

दाभोळच्या दुकानात अब्बा गिऱ्हाइकांना ऐकवायचे,
उधारीचं पोतं सव्वा हात रितं.
ते रितेपण कुणाच्या वाट्याचं,
हे कधी विचारलं नाही.

तिला तीन महिने सवड लिहून दिली.
किंमत वाढली नाही, पंधराशे साठ ते पंधराशे साठच.
तक्त्यात तिच्या ओळीला पिवळा रंग भरला.
शेऱ्याच्या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
मी "छोले" लिहून खोडलं.

पिवळा म्हणजे किती धोका,
हे ट्रस्टींना मी दर तिमाहीला समजावतो, ते माना हलवतात.
मला नीट माहीत होता तो त्या अकरा मिनिटांत.
पुढचं डावं चाक नव्हतं.
हाताला लोखंड गार लागत होतं,
आणि रस्त्याला उतार होता.