लोड

सावद्याच्या नाक्यावर, बऱ्हाणपूर रस्त्याला लागून
माझा काटा आहे. म्हणजे मालक वेगळा,
काट्यावर बसतो मी.
दिवसभर एकच शब्द खिडकीतून आत येतो
डिझेलच्या वासाबरोबर:
लोड कुठला, लोड किती, लोड उतरला का.

लहानपणी मला तो आपलाच वाटायचा.
साखरपुड्याच्या बैठकीत गादीवर मांडलेला,
पांढरी खोळ घातलेला,
त्याला टेकून देण्याघेण्याच्या याद्या व्हायच्या
आणि टेकायचे फक्त पुरुष.
फिरके मास्तर म्हणाले, हा वेगळा आणि तो वेगळा.
एकाला आपण टेकतो,
दुसरा आपल्यावर टेकतो.
मास्तर भाषेचे नव्हते, पीटीचे होते,
पण हे मला पटलं.

मग डीपीवर लोड आला.
पाच हॉर्स लिहून साडेसातच्या मोटारी
बसवल्या सगळ्यांनी, आमच्या घरीही,
आणि मे महिन्यात भर दुपारी डीपी
म्हशीसारखी हंबरली आणि गप झाली.
वायरमन खांबावरून खाली बघत म्हणाला,
"मंजूर लोड किती, ओढता किती?"
कोणी काही बोललं नाही.
तो प्रश्न मी नंतर पुष्कळ माणसांच्या तोंडाकडे बघून
मनातल्या मनात विचारलाय.

भाचीच्या फोनवर एक चक्र फिरत राहतं.
"मामा, लोड होऊन राह्यलं, थांबा ना."
बारावीत एक्केचाळीस टक्के पडले तिला
तेव्हा मीच कोपऱ्यात बसलेलो,
तर तीच मला म्हणे, "तुम्ही कायले लोड घेता?"
जसा काही तो रस्त्यात पडलेला असतो
आणि माणूस वाकून उचलतो.
थोडं तसंच आहे म्हणा.

नथ्थू ड्रायव्हर शनिवारी फुल लोड असतो.
गाडी तेव्हा रिकामी असते.

केळीच्या बागेत मात्र हा शब्द जात नाही.
घड सुटून झाड कलायला लागलं
की बायका एवढंच म्हणतात,
भरली आता. टेकू द्या.

परवा रात्री अकराला लुकमान तडवी आला.
गाड्या भरतो तो, बारा वर्षं झाली,
घडाखाली घड घालून मान एका बाजूला राहिलीय.
आज पायात नवी चप्पल.
बाहेर रिक्षा उभी, रिक्षात बायको,
रावेरच्या दवाखान्यातून त्याच संध्याकाळी सुटलेली.
"भाऊ, काटा मोकळा आहे ना? माझं वजन करा."
चाळीस टनांच्या लोखंडी पाटावर
मधोमध उभा राहिला, फोटो काढायला उभं राहावं तसा.
आकडा आला साठ.
मग रिक्षापाशी गेला, फडक्यातली पोरगी घेतली,
परत येऊन उभा राहिला.
साठ.

मी त्याला सांगणार होतो
की हा काटा वीसवीस किलोंनीच बोलतो,
त्याच्या आतलं त्याला कळत नाही,
त्यात दोष ना तुझा, ना पोरीचा.
पण तो वाकून काच बघत होता
आणि म्हणाला, "पाहा, हिचा काहीच लोड नाही."

पावती पाहिजे होती त्याला.
मी फाडली. गाडी क्रमांकापाशी रेघ मारली.
माल: मुलगी.
भरलेलं साठ, रिकामं साठ, फरक शून्य.
पैसे घेतले नाहीत, तरी दहाची नोट ठेवून गेला.

रिक्षा फैजपूरकडे वळली.
पाटावर कोणी नव्हतं,
आणि आकडा अजून साठच.
जुना काटा आहे,
शून्यावर यायला वेळ घेतो.